कोइझुमींचे घरजावई

जपानात ओकायामाहून सुटणारी 'याकुमो' एक्स्प्रेस चुगोकूचे डोंगर ओलांडून मात्सुएला येते. १८९०च्या उन्हाळ्यात लेखक लाफ्काडिओ हर्न हे डोंगर माणसाने ओढायच्या रिक्षात बसून पार करून आला. जन्म ग्रीक बेटावर, बालपण डब्लिनला, पत्रकारिता सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लीन्सला, मग मार्टिनिक. असा माणूस जपानात कायमचा राहिला, याचे श्रेय आजचे मात्सुए आपल्या देखणेपणाला देते. किल्ल्याच्या खंदकाकाठचे त्याचे घर आणि तीन बाजूंनी दिसणारी बाग पाहिली की तसे वाटतेही. पण तो मात्सुएत जेमतेम सव्वा वर्ष राहिला. पुढे अधिक पगाराच्या नोकरीसाठी कुमामोतोला, तिथून कोबेला पुन्हा वर्तमानपत्रात आणि शेवटी न आवडणाऱ्या टोकियोत. शहरे सुटत गेली, घर टिकले. ते घर उभे राहिले मात्सुएच्या पडझडीतून. १६११ साली पुरा झालेला इथला किल्ला सरंजामशाही संपल्यावर १८७५मध्ये लिलावात निघाला. मुख्य मनोऱ्याची किंमत ठरली १८० येन, आणि स्थानिक लोकांनी पैसे उभे केले म्हणून तो वाचला. त्याच पडझडीत गरीब झालेल्या सामुराई कुटुंबांसाठी असे कोणी धावून आले नाही. त्यांतल्याच कोइझुमी घराण्याची सेत्सु १८९१मध्ये हर्नच्या घरी कामाला आली आणि त्याची पत्नी झाली. १८९६मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतले आणि तो कोइझुमी घराण्यात सामील होऊन कोइझुमी याकुमो झाला. बायकोमुलांचे कायदेशीर हक्क सुरक्षित राहावेत, ही त्यामागची मोठी निकड होती. परदेशी स्थायिक होणे म्हणजे, मला वाटते, आपल्या माघारी कोणाचे काय होईल, याची तिथल्या कायद्यात सोय करणे.

त्याला जपानी नीट वाचता येत नव्हते, तेव्हा त्याच्या लेखनातला जपान उसनाच, असा आक्षेप घेतला जातो. जुन्या जपानवरच्या त्याच्या प्रेमाने बदलत्या देशाकडे पाठ फिरवली, हेही बऱ्याच अंशी खरे आहे. पण उसना म्हणताना तो कोणाकडून घेतला, हे सांगायला हवे. सेत्सु जुनी पुस्तके वाचून काढी आणि रात्री गोष्टी सांगे. पुस्तक समोर धरून नको, तुझ्या शब्दांत सांग, हा त्याचा आग्रह. बोलणे दोघांच्या मोडक्यातोडक्या घरगुती जपानीत. फिरस्ता बातमीदार नवे गाव दिसले की निघतो. हा माणूस वर्षानुवर्षे एकाच बाईचे ऐकत बसला, आणि १९०४मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी आलेले 'क्वायदान' हे गोष्टींचे पुस्तक बरेचसे त्या ऐकण्यातून घडले. मुखपृष्ठावर सेत्सुचे नाव नाही, ते असायला हवे होते.