ऋषीची भाजी

"भात नको, पोळी नको, मग जेवणार काय तू? ताट कशाला मांडलं मी?"

आई हे रागाने म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली आणि वाढायला उचललेला भाताचा डाव तसाच पातेल्यात ठेवून दिला. २०२४ ची दिवाळी. भाऊबीजेसाठी बडोद्याला माहेरी गेले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात पाटावर बसले होते. समोर वरण, भात, लिंबाची फोड, तुपाची वाटी, वर्षानुवर्षं मांडलं जातं तसं सगळं होतं, आणि मी पहिल्यांदाच त्याला नाही म्हणत होते.

हे घडलं कसं ते सांगायला हवं. लग्न होऊन नंदुरबारला आले त्याला आता दोन तपं होत आली. इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवते. त्या वर्षी जूनमध्ये महाविद्यालयात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. विद्यार्थ्यांना रांगेत उभं करता करता सहज माझंही बोट पुढे केलं. यंत्रावर २६१ आकडा आला. नर्सने पुन्हा एकदा बोट टोचलं. आकडा बदलला नाही. नंतर रीतसर तपासणी केली तेव्हा उपाशीपोटी साखर १६८ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ८.१. हा आकडा ६.५ किंवा त्याहून वर गेला की मधुमेह समजतात. माझं वजन फार नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण आपल्याकडे दिसायला सडपातळ माणसाच्या अंगातही चरबी जास्त असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. त्यांनी २००४ साली आपलं आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचं शरीर मोजून दाखवलं होतं. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण इंग्रज मित्राच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१ टक्के!

माझ्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मॅडम, काल दिवसभरात काय खाल्लं ते या कागदावर लिहा." मी लिहिलं. सकाळी पोहे, दहाला चहा-बिस्किटं, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरणभात, संध्याकाळी मुरमुऱ्यांचा चिवडा, रात्री खिचडी. त्यांनी कागद परत माझ्यासमोर सरकवला. "यात धान्य नसलेलं काय आहे, त्यावर खूण करा." मी पेन घेऊन बसले आणि खूण केली ती चहावर आणि वाटीभर भाजीवर. मराठी माणूस जेवतो म्हणजे मुख्यतः धान्य जेवतो, बाकी सगळं त्याला लावून खायचं असतं, हे सत्तेचाळीसाव्या वर्षी त्या कागदाने मला दाखवलं.

धान्य कमी करा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. 'कमी' म्हटलं की दोनाच्या तीन पोळ्या कधी होतात ते कळत नाही. म्हणून मी विचारलं, "सहा महिने पूर्ण बंद केलं तर?" त्यांनी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि दोन अटी घातल्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि दर आठवड्याला साखर मोजायची. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी असं परस्पर केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, हेही त्यांनी बजावलं. वाचकांनीही ते लक्षात ठेवावं.

गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका बंद. डाळी आणि कडधान्यं चालू. शिवाय कारखान्यातून पाकिटात येणारं काही खायचं नाही, जे खायचं ते मूळ रूपात ओळखू येईल असं. ही दुसरी अट मी पहिल्याच आठवड्यात मोडली. आपल्याला धान्य वर्ज्य करणं काही नवीन नाही, एकादशीला आपण तेच करतो, असं म्हणून मी बशीभर साबुदाण्याची खिचडी केली. दोन तासांनी साखर मोजली तर २३८. साबुदाणा म्हणजे कंदातून वेगळा काढलेला निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याचं कूट सोडलं तर त्या बशीत दुसरं होतं काय? धान्य नाही म्हणजे साखर वाढणार नाही, हा माझा समज त्या दिवशी गेला. बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू हे सगळे एकादशीचे सोबती मी एकेक करून मोजून पाहिले आणि बाजूला ठेवले.

मग हळूहळू घडी बसली. सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी. दुपारी मोठा वाडगाभर भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, दही, काकडी. रात्री वांग्याचं भरीत, पनीर किंवा घट्ट पिठलं. भाकरीशिवाय पिठलं चमच्याने खाताना पहिले आठ दिवस आपण आजारी असल्यासारखं वाटायचं. घरात यजमान आणि मुलगा पोळ्या खाणारच होते, त्या मीच लाटत होते. तव्यावर पोळी टम्म फुगली की तिचा वास थेट पोटात जायचा. एकदा गरम पोळीचा तुकडा तोंडात टाकलाही. खोटं कशाला सांगू?

चार महिन्यांत वजन सहा किलोने उतरलं, उपाशीपोटी साखर ११८ वर आली, दुपारी तासाला उभं असताना येणारी गुंगी गेली. या आनंदात मी दिवाळीला बडोद्याला गेले आणि आईने भाताचा डाव पातेल्यात ठेवून दिला.

त्या रात्री ती झोपाळ्यावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले आणि वर्गात समजावते तसं तिला समजावू लागले. भाताची साखर कशी होते, पोळीची कशी होते, बाबांना जो आजार होता तोच मला कसा आला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांना मीच घातलं ते. बत्तीस वर्षं. दोन्ही वेळा."

बाबा २००९ साली गेले. मधुमेहाने शेवटी त्यांची मूत्रपिंडं निकामी केली होती. शेवटची दोन वर्षं आईने त्यांच्या चहातली साखर बंद केली होती, श्रीखंड बंद केलं होतं, आंबा बंद केला होता. भात मात्र मऊ करून, तूप घालून वाढत होती. आजारी माणसाला मऊ भातच द्यायचा, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. मी नुसतीच झोपाळ्याला पायाने झोका देत राहिले.

परतताना सुरतेला गाडी बदलायची असते. फलाटावर बसले असताना विनोबा आठवले. भावे कुटुंब बडोद्याला राहत असे. विनोबांचं शिक्षण तिथलंच. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला जायला म्हणून निघालेला हा मुलगा वाटेत याच सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. त्यांच्या आईची एक गोष्ट लहानपणी तांदूळ निवडताना आई मला सांगत असे. त्या माउलीने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि ती रोज एकेक दाणा मोजून वाहायची. वडील हिशेबी. ते म्हणाले, एक तोळा तांदूळ घे, त्यात दाणे किती ते मोज आणि त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ, हवं तर अर्धा तोळा वर घाल. तिला उत्तर सुचलं नाही, तिने विन्याला विचारलं. विन्याने सांगितलं की हा गणिताचा विषय नाही, भक्तीचा आहे. एकेक दाणा मोजताना चित्त देवापाशी राहतं.

फलाटावर मला कळलं की झोपाळ्यावर मी चुकले होते. आई जे वाढत होती त्याचं मी गणित मांडलं होतं. गणित बरोबर होतं आणि ते मला सोडायचंही नव्हतं. पण ते मांडायची ती जागा नव्हती. घरी पोचल्यावर फोन केला. "आई, बाबांना आजार भाताने दिला नाही. आजोबांनाही तो होता. बाबा दुकानातून उठायचे नाहीत, चालायचे नाहीत, गोळ्या चुकवायचे. आणि भाताचं तेव्हा आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तू जे वाढलंस ते जीव लावून वाढलंस." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "डाळ चालते आणि भात चालत नाही, हा कुठला मेला उपास?" मला हायसं वाटलं.

हे मी एकट्या आमच्या घराचं लिहीत नाहीये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज आला. त्याच पाहणीवर आधारित २०२५ च्या अभ्यासात आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असं दिसलं. मैदा, पांढरा तांदूळ यांच्या जागी नुसती गव्हाची कणीक किंवा भरडधान्याचं पीठ घेतल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण पिष्टमय भाग कमी करून डाळी, दूध, अंडी, मासे यांचा वाटा वाढवणं हे त्यांना फायद्याचं आढळलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपुढे नसावा असं सुचवलं आहे. लक्षात घ्या, ४५ टक्के म्हणजे शून्य नव्हे. धान्य अजिबात नको असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही. पूर्ण बंद हा माझा माझ्यापुरता मार्ग होता.

तो सगळ्यांना परवडणाराही नाही. वर्गात एकदा बोलण्याच्या ओघात मी धान्य सोडल्याचं सांगितलं. धडगावकडची एक मुलगी तास संपल्यावर थांबून म्हणाली, "मॅडम, आमच्या ताटातून भाकरी काढली तर ताटात राहील काय?" ती चेष्टा करत नव्हती. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो मिळतं ते धान्यच. पनीर, अंडी, तीन भाज्या यांचा माझा महिन्याचा खर्च मी त्या दिवशी मनातल्या मनात मोजला आणि यापुढे हा विषय वर्गात उपदेशासारखा काढायचा नाही असं ठरवलं.

जानेवारीत उत्तरायणाला पुन्हा बडोद्याला गेले. गच्च्यांवर पतंग, गल्लीत उंधियूच्या दुकानांपुढे रांगा. उंधियूतल्या मुठियांत पीठ असतं, तेव्हा आज फक्त दही खावं लागणार अशी मनाची तयारी करून पाटावर बसले. आईने मोठा वाडगा समोर ठेवला. सुरण, लाल भोपळा, अळू, पापडी, तुरीचे दाणे, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ, फोडणी नाही. वासावरूनच ओळखलं.

"ऋषीची भाजी? आज?"

"हो. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपण नांगरटीचं धान्य वर्ज्य करतोच की. तुझी आजी दर वर्षी करायची. मला आधी सुचलं नाही." मग जरा थांबून, "कणीस नाही घातलं हं. मका म्हणजे धान्यच ना?"

"पण ऋषीपंचमी भाद्रपदात असते."

"ऋषींना काय महिना लागतो?"

मी तीन वाडगे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी बदलून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल, माझंही रक्त तपासून आण." बाबा गेल्यापासून तिने कधी साखर तपासू दिली नव्हती. काय निघेल याची तिला भीती होती, ते मला त्या दिवशी कळलं. एचबीएवनसी ६.० निघालं, म्हणजे अगदी उंबरठ्यावर.

आता माझा आकडा ६.२ वर आहे, गोळीचा डोस डॉक्टरांनी निम्मा केला आहे. सहा महिन्यांचा नियम संपल्यावर दुपारी अर्धी भाकरी पुन्हा ताटात आली. साखर मोजून पाहिली, ती मानवते. आई रोज संध्याकाळी सूरसागरच्या काठाने फिरते. तिने भात सोडलेला नाही, कमी केला आहे.

"कमी म्हणजे किती?" परवा मी फोनवर विचारलं.

"किती म्हणजे? मी काय दाणे मोजत बसते का?"