बाबूजींची ऊणोदरी

पर्युषण जवळ आले की आमच्या घरात एक विषय सगळे जण टाळत. बाई अठाई करीत, काकाजी एकासणे करीत, आम्ही मुलेही एखाद्या उपवासाचे पच्चक्खाण घेत असू. बाबूजी मात्र स्थानकात मागच्या खांबाला टेकून बसत आणि नवकारसीपलीकडे कधी जात नसत. मानवतच्या मोंढ्यात ज्यांच्या शब्दावर कापसाचे सौदे होत, त्यांना धर्माच्या बाबतीत ‘ढिले’ समजले जाई. मीही तसेच समजत होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

बाबूजींच्या पोटाचे ऑपरेशन १९७४ साली झाले, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. आधीची काही वर्षे मध्यरात्री पोटात आग पडे आणि ते उठून थंड दूध घेत. काळजी आणि तिखट यांमुळे पोटाला जखम होते, अशीच तेव्हा सर्वांची समजूत. पुढे जठरातून आतड्यात जाण्याची वाटच व्रणाने आवळली. सकाळचे अन्न रात्री उलटून पडू लागले. मानवत रोड स्टेशनवरून मीटरगेजच्या गाडीने त्यांना औरंगाबादला नेले. जठराचा खालचा भाग काढून उरलेला भाग लहान आतड्याला जोडला आणि आम्ल वाढविणारी मज्जा कापली.

ही विद्या जुनीच. व्हिएन्नाचे बिलरोथ यांनी कर्करोगासाठी जठराचा भाग प्रथम यशस्वीपणे काढला तो १८८१ मध्ये. व्रणासाठी मज्जा कापण्याची पद्धत शिकागोच्या ड्रॅगस्टेड यांनी १९४३ पासून रूढ केली. बाबूजींचे दुखणे गेले, ते पुन्हा कधी आले नाही. त्या अर्थी ऑपरेशन यशस्वीच म्हटले पाहिजे.

परंतु पोटाची वखार लहान झाली होती. पोटभर जेवले, त्यातही गोड खाल्ले, की अर्ध्या तासात त्यांना घाम फुटे, छाती धडधडे. लग्नाच्या पंगतीतून ते जिलेबी न संपवता उठत आणि यजमान रुसत. अन्न जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते, शरीरातले पाणी तिकडे ओढले जाते, म्हणून असे होते. उपाय एकच: थोडे थोडे, पाच-सहा वेळा खाणे. एकाच बैठकीत दिवसाचे जेवण उरकण्याचे एकासणे त्यांना करता येणार तरी कसे! त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. शरीराची सबब पुढे करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

खरा घाला पस्तीस वर्षांनी आला. २००९ मध्ये त्यांचे तळपाय बधिर होऊ लागले. चपला पायातून निसटल्या तरी कळेना. अंधारात तोल जाई, चेहरा पिवळट पडला, हिशेबात चुका होऊ लागल्या. आम्ही म्हटले, वय झाले. एका दवाखान्यात शक्तीची औषधे आणि कॅल्शियम दिले गेले. त्यात दीड वर्ष गेले. जुन्या ऑपरेशनचा उल्लेख ना डॉक्टरांनी विचारला, ना आम्ही केला. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांनी पोटावरचा उभा व्रण पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “हे कधीचे?” रक्त तपासले, तर बी-१२ जीवनसत्त्व नावाला उरले होते.

हे जीवनसत्त्व शोषून घेण्यास जठराची मदत लागते. जठर कापलेल्या माणसाचा साठा वर्षानुवर्षे हळूहळू संपतो. त्यातून आपला आहार! बी-१२ मांस-अंड्यांत असते. आपल्याला आधार केवळ दूध-दह्याचा. म्हणजे जमा थोडी आणि खर्च चालूच, असे हे खाते. लोह आणि कॅल्शियमही अशा माणसाला कमी पडते. पंधरा-वीस वर्षांनंतर उरलेल्या जठरात कर्करोगाची शक्यता वाढते, म्हणून नवी लक्षणे दिसताच दुर्बिणीने तपासणी करावी लागते. इंजेक्शनांनी रक्त भरून आले, चेहऱ्यावर तेज आले. पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही. दीड वर्षाचे व्याज ते पाय अखेरपर्यंत फेडत राहिले.

त्याच सुमारास मी त्यांना वाचून दाखविले की ऑस्ट्रेलियातील पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांना अशा व्रणांमागे एक जंतू सापडला, १९८२ मध्ये तो वाढवून दाखविण्यात आला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आता बहुतेक व्रण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात; चाकू लागतो तो पोट फुटले, रक्त थांबेना किंवा वाट बंद झाली तरच. बाबूजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आठ वर्षे थांबलो असतो तर?” थांबले असते तर वाचले नसते, हे त्यांनाही ठाऊक होते.

त्या वर्षीच्या चातुर्मासात मी महासतीजींना सारी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, भूक असता कमी खाणे यालाही शास्त्रात ऊणोदरी तप म्हटले आहे. बाबूजी मागेच बसले होते. त्यांनी नुसते हात जोडले.

दिवाळीत जुन्या वह्या काढताना औरंगाबादचे ते डिस्चार्जचे कार्ड १९७४ च्या रोजमेळात सापडले. पस्तीस वर्षे ते तिजोरीत होते आणि आम्ही डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जात होतो. आता घरातल्या प्रत्येकाच्या ऑपरेशनचे कागद मी एका पिशवीत ठेवतो. पिशवी दाराजवळच्या खुंटीला असते.