उंदीर, फुगे आणि ‘नको’

मी दिवसा उंदरांना शिकवते. अ‍ॅशबर्नच्या जनीलिया रिसर्च कॅम्पसमध्ये मी पोस्टडॉक आहे. खूण ओळखून उंदरानं योग्य नळीला जीभ लावली की पाण्याचा एक थेंब मिळतो, चुकला तर नाही. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझा चार वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा छोट्या टेबलाशी बसलेला असतो. थेरपिस्ट म्हणते, “टच नोज.” त्यानं नाकाला बोट लावलं की साबणाचे फुगे. तुम्हाला आत्ता जे वाटलं तेच मलाही वाटलं होतं. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई तर सरळ म्हणाल्या, “अगं, हे काय सर्कशीतल्यासारखं?”

या पद्धतीला एबीए म्हणतात. कौशल्याचे बारीक तुकडे करायचे, एक सूचना द्यायची, लागलं तर हात धरून मदत करायची, जमलं की लगेच बक्षीस. मग मदत हळूहळू काढून घ्यायची. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या इव्हार लोव्हास यांनी लिहिलं की आठवड्याला ४० तास असं शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण पहिलीत बसू शकले. हा आकडा पालकांना अजून ऐकवला जातो. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि तेव्हा मांडीवर चापट मारणंही पद्धतीत बसत होतं, हे सांगायचं मात्र राहून जातं. असं शिकून मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक आज त्याबद्दल रागानं बोलतात. नजरेला नजर दे, हात हलवू नकोस, नुसतं सोसत राहा. मला त्यांचं पटतं. उंदराला ‘आज नको’ म्हणायची सोय नसते. मुलाला हवीच.

म्हणून आम्ही नाक-कान बाजूला ठेवायला सांगितलं. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड यांनी चार मुलांवर दाखवलं होतं की काम अवघड वाटून आकांत करणाऱ्या मुलाला मदत मागायला शिकवलं, तर आकांत ओसरतो. थेरपिस्ट ‘नो’ शिकवणार होती. आम्ही ‘नको’ मागितलं, कारण ते आजीला कळतं. (दोन भाषांनी मूल गोंधळेल, असं आम्हालाही ऐकवलं गेलं. ऑटिस्टिक मुलांच्या अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही.)

शिकवलं सासूबाईंनी. “अन्नाला नको म्हणायला शिकवू?” म्हणून दोन दिवस रुसल्या, मग स्वतःच कारल्याची भाजी घेऊन बसल्या. चमचा जवळ आणायचा, त्यानं ढकलायच्या आत आपण ‘नको’ म्हणायचं, त्याच्या तोंडून नुसता ‘न’ निघाला तरी चमचा मागे. चमचा मागे जाणं हेच बक्षीस. फुगे लागले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात अख्खा शब्द आला.

तुम्ही इथे नव्यानं सुरुवात करत असाल तर आधी विमा बघा. व्हर्जिनियात २०२० पासून वयाची अट गेली, पण कंपनी स्वतःच्या पैशानं विमा चालवत असेल तर राज्याचा कायदा तिला लागू नाही. आणि थेरपिस्टला विचारा, मूल नकार द्यायला लागलं तर तुम्ही काय करता?

गेल्या रविवारी एका काकूंनी गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला. “नको,” तो म्हणाला. काकू जरा हिरमुसल्या. सासूबाईंनी घरी येऊन तक्त्यात त्याची खूण केली.