पंचक्कीचे इंजिन

दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे पाहुणे येतात ते वेरूळ-अजिंठ्यासाठी. मधला एखादा दिवस मोकळा राहिला, की त्यांना पंचक्की दाखवून आणणे हे काम माझ्याकडे येते. यंदा पुण्याहून धाकटी भाची आली होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळचा हौद, भिंतीवरून त्यात कोसळणारे पाणी, हौदाच्या तळाखाली बांधलेला गार दिवाणखाना, सारे तिने पाहिले. जाते पाहिले, पाण्याने फिरणारे त्याखालचे पात्यांचे चाकही पाहिले. फकिरांसाठी नि यात्रेकरूंसाठी इथे पीठ दळले जाई, हे मी वर्गात सांगावे तसे सांगितले.

"पण मामा, याचं इंजिन कुठंय?"

"हर्सूलच्या बाजूला, डोंगरात. सहा किलोमीटर लांब!"

तिला ती थट्टा वाटली. पण खरेच, डोंगरातले पाणी गोळा करून मातीच्या नळांनी जमिनीखालून आणायचे आणि उतारावर मिळालेल्या जोरानेच भिंतीच्या माथ्यावर चढवायचे, एवढेच ते इंजिन. ही विद्या या गावात रुजवली मलिक अंबरने. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे हेच गाव, राजधानी म्हणून वसवले नि त्यासाठी भुयारी नहर खणवली. वाटेत ठिकठिकाणी मनोरे उभारले. त्यांतून कोंडलेली हवा निसटे नि पाणी पुढे धावे. पंचक्कीची नहर त्यानंतरची.

आज आपण चक्की पाहतो, फोटो काढतो नि परततो. नहर मात्र कोणी पाहत नाही. तिच्यावर घरे उठली, रस्ते गेले. कुठे ती फुटली, कुठे गाळाने बुजली.

वेल्समधली 'बिग पिट' ही कोळशाची खाण १९८० साली बंद पडली. तीन वर्षांनी तिथे संग्रहालय उघडले. पाहुण्याच्या डोक्यावर दिवा बांधून त्याला पाळण्यातून नव्वद मीटर खाली नेतात, आणि वाटाडे असतात ते खाणीत हयात घालवलेले कामगार. आपल्या नागपूरजवळ सावनेरलाही २०१६ साली चालू खाण लोकांना दाखवायला आरंभ झाला. मग आपल्या नहरीचा एखादा तुकडा साफ करून, पायऱ्या नि दिवे लावून, शाळेच्या मुलांना का दाखवू नये? नहरीचा गाळ ज्यांनी उपसला, तिच्या वाटा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनीच ती दाखवावी.

घरी आलो तो नळाला पाणी आलेले. आमच्याकडे ते रोज येत नाही, म्हणून भाचीही बादल्या भरू लागली.

"मामा, हे पाणी कुठून येतं?"

"पैठणहून. विजेच्या पंपांनी चढवून."

"आणि वीज गेली तर?"

त्याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वी याच गावात कोणी तरी जमिनीखाली लिहून ठेवले आहे. ते पुरते बुजण्याआधी आपण वाचणार आहोत का, हाच प्रश्न आहे.