मोकळे झालेले षटक

फँटसी क्रिकेटच्या संघात जसप्रीत बुमराहला घ्यायला कसब लागत नाही. तो सगळ्यांच्याच संघात असतो, त्यामुळे त्याने चार बळी घेतले तरी गटातला कुणी कुणाच्या पुढे जात नाही. फरक पडतो तो शेवटच्या दोन जागांमुळे. तिथे असा गोलंदाज बसवायचा असतो, ज्याचे नाव बाकीच्यांनी वाचले आणि बोट पुढे सरकवले. फलंदाजाच्या बाबतीत हे हेरणे फारसे अवघड नसते. सलामीला येणारा निदान खेळायला तरी उतरतो. गोलंदाजाच्या हाती चेंडू द्यायचा की नाही हे मात्र कर्णधार ठरवतो, आणि निवड करणाऱ्याला आधी अंदाज बांधावा लागतो तो कर्णधाराच्याच मनाचा.

वसई-विरार पट्ट्यात हे काम बहुतेक वेळा गाडीत होते. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो, नाणेफेक सातला होते आणि अकरा जणांची नावे त्यानंतरच कळतात. त्या वेळी कामावरून परतणारी गर्दी दादर आणि विरारच्या मध्ये कुठेतरी दाराला लटकलेली असते. एका हातात कडी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि संघ कायम करायला जेमतेम अर्धा तास. अशा अवस्थेत आकडेवारी चाळून निर्णय होत नाही. अंगठा ओळखीच्या नावावरच पडतो. म्हणून खरी निवड सकाळच्या गाडीत, पेपर हातात असतानाच झालेली बरी. संध्याकाळी फक्त आपला गोलंदाज खेळतो आहे की नाही, एवढेच बघायचे उरावे.

या खेळाचे मूळ क्रिकेटात नाही. डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० साली न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसेरी फ्रान्सेझ’ या उपाहारगृहाच्या नावाने बेसबॉलची काल्पनिक लीग सुरू केली. खऱ्या खेळाडूंचा लुटुपुटीचा लिलाव आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण, हा साचा तिथून जगभर गेला. तिथेही सर्वात डोके खाणारा प्रश्न गोलंदाजाचाच, म्हणजे पिचरचा. सामन्याची सुरुवात करणारे पिचर संघात साधारण पाच असतात आणि ते आळीपाळीने उतरतात. त्या पाचांत नाव नसलेला, पण लवकरच येऊ घातलेला पिचर कोण, हे ओळखणारा लीग जिंकतो.

वोरोस मॅक्रॅकन याने २००० सालाच्या आसपास या शोधाला नवे वळण दिले. फलंदाजाला बाद होण्याइतके चुकवणे, त्याला फुकट बेस न देणे आणि होमरन टाळणे एवढेच बऱ्याच अंशी पिचरच्या हातात असते. बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात पडतो की दोघांच्या मधून निसटतो, यात नशिबाचा आणि सहकाऱ्यांचा वाटा मोठा असतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे भरपूर धावा दिलेला, पण फलंदाजांना सतत चुकवणारा पिचर स्वस्तात पदरात पाडून घ्यावा, ही चाल रूढ झाली.

क्रिकेटमध्ये हा विचार थोडा वाकवून घ्यावा लागतो. फुलटॉसवर लाँगऑनला उडालेला झेल आणि ऑफ स्टंप उखडणारा चेंडू धावफलकावर सारखेच दिसतात. निवड करणाऱ्याने त्यांना सारखे मानू नये. फँटसीच्या गुणपद्धतीतही हा भेद आहे. एका बळीला २५ आणि त्रिफळा किंवा पायचीत असेल तर वर ८, असा हिशेब अनेक वर्षे रूढ होता. दोन त्रिफळे घेणाऱ्याला त्या हिशेबाने ६६ गुण मिळतात, दोन झेल मिळवणाऱ्याला ५०. कर्णधार केलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट होत असल्याने हे अंतर आणखी वाढते.

पण आकड्यांवर किती विसंबायचे, यालाही मर्यादा आहे. आयपीएलच्या साखळीत संघाला १४ सामने मिळतात. गोलंदाजाने प्रत्येक सामन्यात पूर्ण चार षटके टाकली, तरी चेंडू भरतात ३३६. बेसबॉलचा पिचर तेवढे तीन-चार सामन्यांत टाकतो. ३३६ चेंडूंत दोन झेल सुटले किंवा एक पंचनिर्णय विरुद्ध गेला, तरी सरासरीचा चेहरा बदलतो. म्हणून टी-२०मध्ये मागच्या पाच सामन्यांतले बळी मोजण्यापेक्षा गोलंदाजाला कोणती षटके मिळणार, हा प्रश्न आधी विचारावा. पॉवरप्लेमध्ये वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात आणि नवा चेंडू हलतो. तिथे धावा जातात, पण त्रिफळे आणि पायचीतही तिथेच मिळतात. शेवटच्या चार षटकांत फलंदाज प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवतो, त्यामुळे मार खातानाही बळी पडतात. सातव्या ते पंधराव्या षटकांमध्ये निगुतीने गोलंदाजी करणारा संघाच्या उपयोगाचा असतो, फँटसी संघाच्या मात्र क्वचितच.

ही महत्त्वाची षटके ठरलेल्या माणसांकडे असतात. ती नव्याला मिळतात ती कुणी दुखावल्यावर. त्यामुळे बळींच्या तक्त्यापेक्षा दुखापतींची बातमी जास्त उपयोगी पडते, आणि ती नेमकी पेपरच्या कोपऱ्यात असते.

याचे सर्वात चांगले उदाहरण वसई-विरारच्याच पालघर जिल्ह्यातले आहे. शार्दूल ठाकूर पालघरचा. २०१२ साली त्याने रणजी पदार्पण केले, तेव्हा पालघरला मुंबईची लोकलही पोहोचली नव्हती. विरार-डहाणू लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. पुढे गॅबाच्या २०२१च्या कसोटीत पहिल्या डावात ६७ धावा आणि सामन्यात सात बळी, २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी, अशी कामगिरी करूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात त्याच्यावर कुणी बोली लावली नाही. मग लखनौचा मोहसीन खान दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी ठाकूरला बोलावले गेले. पहिल्या सामन्यात दोन षटकांत दोन बळी. दुसऱ्यात, २७ मार्च २०२५ला, हैदराबादच्या तुफान फलंदाजीसमोर ३४ धावांत चार. लिलावात विकला न गेलेला म्हणून ज्यांनी त्याला यादीतून खोडले, त्यांनी मोहसीनची नव्या चेंडूची षटके कुणाकडे जाणार हे पाहिलेच नाही. पुढच्या सामन्यांत बळींचा ओघ आटला आणि धावा वाहू लागल्या, हेही नोंदवायला हवे. अशा गोलंदाजाचा हंगाम छोटा असतो.

त्याच महिन्यात मुंबई इंडियन्सकडेही हेच घडले. बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांत नव्हता. केरळच्या वरिष्ठ संघाकडूनही न खेळलेल्या विग्नेश पुथुरने चेन्नईविरुद्ध तीन बळी घेतले आणि ३१ मार्चला वानखेडेवर अश्वनी कुमारने पदार्पणातच तीन षटकांत २४ धावा देऊन चार. त्यातले मनीष पांडे आणि आंद्रे रसेल त्रिफळाचीत होते. ही दोन नावे आधी ओळखली होती, असे सांगणारे नंतर बरेच भेटतात. नावे ओळखणे अवघडच होते. बुमराहची चार षटके मोकळी आहेत आणि ती कुणीतरी टाकणार आहे, एवढे मात्र सगळ्यांना दिसू शकत होते.

पुथुरचा सामना आणखी एक गोष्ट शिकवतो. तो सुरुवातीच्या अकरांत नव्हता, रोहित शर्माच्या जागी इम्पॅक्ट प्लेअर म्हणून आला. सामन्यात असा बदली खेळाडू उतरवण्याचा नियम २०२३ मध्ये आल्यापासून प्रथम फलंदाजी करणारा संघ अनेकदा एक गोलंदाज राखीव पाच जणांत ठेवतो. नाणेफेकीनंतर फक्त अकरा नावे वाचून फोन खिशात टाकणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

स्थानिक क्रिकेटमधली कामगिरी बघावी, पण ती चाळून घ्यावी. १९४८ पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाज ढीगभर बळी घेतात. ते मार्चच्या कोरड्या खेळपट्टीवर चालत नाहीत. शम्स मुलानीने २०२१-२२च्या रणजी हंगामात सर्वाधिक ४५ बळी घेतले, तरी आयपीएलमध्ये त्याला थोडक्याच सामन्यांत संधी मिळाली. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये चिकाटीला बळी मिळतात, टी-२०मध्ये चिकाटीला वेळ नसतो. वसईच्या गावोगावच्या टेनिस क्रिकेटमधला यॉर्कर टाकणारा पोरगा त्या मानाने जवळचा नमुना आहे. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सुरू झालेल्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगने अशा पोरांना लिलावात आणले. पण टेनिस चेंडूवरचा वेग सीझन चेंडूवर तसाच उतरेल, याची हमी नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केल्यापासून पैसे लावून हा खेळ खेळवणे बंद झाले. गोलंदाज हेरण्याच्या कलेच्या दृष्टीने हे बरेच झाले. पैसे लावलेला माणूस घाबरून बुमराहलाच कर्णधार करतो. मित्रांच्या वहीतल्या लीगमध्ये, हरणाऱ्याने वडापाव द्यायचा अशा बोलीवर, अनोळखी गोलंदाज घ्यायला जीव कचरत नाही.

तरी अकरांत असे दोनच घ्यावेत, आणि त्यांतल्या कुणालाही कर्णधार करू नये. मोकळे झालेले षटक मूळ मालक परत आला की त्याच्याकडेच जाते. बुमराह एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परतला. सलग दोन सामन्यांत कर्णधाराने आपल्या गोलंदाजाला चौथे षटक दिले नाही, तर तिसऱ्या सामन्याची वाट न पाहता त्याला सोडावे.