देवाचं बोट

एखादी गोष्ट पाहायला जावं आणि नेमकी तीच तिथं नसावी, हा योग माझ्या पत्रिकेतच असावा. मी महाबळेश्वरला गेलो की झाडून सगळे पॉइंट धुक्यात जातात. पण ग्रान कनारियाला जे झालं त्याला तोड नाही.

मुलीकडे युरोपात गेलो होतो, तेव्हा तिनं आम्हां उभयतांना अटलांटिकातल्या या स्पॅनिश बेटावर धाडलं. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. अगाएते गावच्या बंदरापाशी समुद्रात काळ्या बेसॉल्टचा एक सुळका आहे. आपल्या सह्याद्रीच्या भावकीतलाच म्हणा ना! त्याचं निमुळतं टोक आभाळाकडे रोखलेलं, म्हणून नाव 'देवाचं बोट'. ही माहिती माझ्या पुस्तकातली. पुस्तक मी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं घेतलं होतं.

बंदराच्या नावात हिम आहे. मी घाम पुसत उभा होतो. सुळका दिसला, बोट दिसेना.

"आधी चष्मा पुसा," ही म्हणाली. पुसला. तरी बोट नाहीच.

शेवटी धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं. तो हसला. नोव्हेंबर 2005 मध्ये 'डेल्टा' नावाचं वादळ आलं, त्यात बोट मोडून समुद्रात पडलं, हे त्यानं हातवाऱ्यांनी सांगितलं. मग एक डोळा मिटून त्यानं स्वतःचं बोट त्या सुळक्याच्या रेषेत धरलं. हुबेहूब!

गंमत म्हणजे या खडकाचं जुनं नाव 'रोके पार्तिदो', म्हणजे फुटका खडक. वादळानं बिचाऱ्यानं नुसती दुरुस्ती केली. बोट पुन्हा जोडायच्या गोष्टीही निघाल्या, पण जोडलं नाही. दुकानातल्या पोस्टकार्डांवर मात्र ते शाबूत होतं.

"एवढे पैसे खर्चून फुटका दगड पाहिला!" असं ही म्हणणार, या तयारीत मी होतो. पण परतीच्या वाटेवर ती गप्पच होती.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली, दारावर अजून त्यांच्याच नावाची पाटी. जाण्याआधी हिनंच पेंटरला माझ्या नावाची नवी पाटी सांगितली होती. घरी आल्यावर कुलूप काढायच्या आधी तिनं पदरानं जुनी पाटी पुसली आणि म्हणाली, "त्या पेंटरला नको म्हणून सांगा."

परवा नवा कुरिअरवाला आला. "हे इथंच राहतात का?"

मी पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, "हो. घर त्यांचंच."