विसावी नोंद

माझी पुतणी एम.ए. करते. पहूरच्या आमच्या घरातली पहिलीच. विषय घेतलाय खानदेशातली महारकी अन् वतन. लिहायच्या आधी संदर्भांची यादी करायची, प्रत्येकाखाली चार ओळींचं टिपण द्यायचं. हे कोणी लिहिलं, काय सांगितलं, भरवसा किती. तिनं वीस नोंदी केल्या. सरांनी एकोणीस ठेवल्या. विसावीवर लाल रेघ. बाजूला शेरा : ऐकीव माहिती, विश्वसनीय साधन द्यावे.

विसावी नोंद म्हणजे माझी माय. पोरीची आजी.

पोरगी यष्टीतून उतरली ती घुश्श्यातच. मी कंडक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. पण यादी पाहू दे म्हणालो.

पहिली नोंद खानदेशचं गॅझेटियर, १८८०, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड. त्याच्यापुढं सरांची बरोबरची खूण. मी विचारलं, "यातलं महारांबद्दलचं कोणी सांगितलं?"

"सरकारी अधिकाऱ्यांनी, नाना."

"अन् त्यांना कोणी सांगितलं?"

पोरगी गप्प. म्हणजे हेबी ऐकीवच असंल की. इंग्रजीत छापलेलं, जाड पुठ्ठ्याचं ऐकीव. टाकू नको म्हणालो. त्यात कामाचं बरंच आहे. पण टिपणात एवढा प्रश्न लिही.

मग वळलो आपल्याच माणसांकडं. बाराव्या नोंदीत तिनं लिहिलेलं, बेदरच्या बादशहानं अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिली. हे आमच्या वाड्यात लहानपणापासून ऐकलं. माझा चुलता तर ती सनद पाहिल्यासारखी सांगायचा. पाहिली नव्हती. मी म्हणालो, इथं 'परंपरेनं सांगतात' असं लिही. पोरगी चिडली. "तुम्हीबी सरांसारखेच!" असू दे. बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त महार वतनावर लिहिलं, १९२८ ला कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, ते कायद्याची कलमं घेऊन भांडले. सरकारनं ते अंक १९९० ला पुन्हा छापलेत. वाचून पाहा म्हणालो.

आता माय. नव्वदीला टेकलेली. तिचं म्हणणं असं :

"वाघूरच्या काठाले आपलं वावर व्हतं. महारकी बंद झाली, सरकार म्हने तिप्पट भरा अन् वावर घ्या. एकवीस रुपये. तुह्या आजाजोळ कुठले? दुसऱ्यानं भरले अन् वावर त्यानंच वाहिलं. नेहरू मेले त्या साली."

पोरीनं कायदा काढला. गावकीची कनिष्ठ वतनं रद्द करणारा मुंबईचा १९५८ चा कायदा. जमीन सरकारजमा, अन् आकाराच्या तिप्पट रक्कम भरली तर वतनदाराला परत. तिप्पट! माय कधी शाळेत गेली नाही. हा आकडा तिला कोणत्या पुस्तकातून मिळाला असता?

मग जुना फेरफार काढायला लागलो. दोन महिने गेले, चकरा किती ते मोजलं नाही. कागद हातात आला तेव्हा कडा भुगा झालेल्या. आज्याचं नाव. रक्कम रुपये एकवीस. साल मात्र १९६२. नेहरू गेले १९६४ ला. पैसे कोणाच्या खिशातून आले ते कागदावर नाही. ते फक्त मायजवळ.

मी पोरीला म्हणालो, दोन्ही लिही. चूकबी लिही, झाकू नको. तिनं टिपण केलं : वय अंदाजे नव्वद. निरक्षर. वतनदाराची सून. रक्कम फेरफाराशी जुळते, सालात दोन वर्षांचा फरक. पैसे दुसऱ्याने भरल्याची माहिती अन्य कोठे मिळत नाही.

रात्री तिनं ते आजीला वाचून दाखवलं. माय ऐकत राहिली. मग म्हणाली, "निरक्षर कायले लिव्हलं?"

"खरं आहे ना आजी ते."

"मंग त्या सायबाच्या खालीबी लिव्ह. महारवाड्यात आला नव्हता म्हनून."

पोरगी हसली. "आला नव्हता, याचा पुरावा काय?"

माय विचारात पडली. बराच वेळ. मग गोधडी ओढून झोपली.

सोमवारी यादी सरांकडं जाणार आहे. नोंदी वीसच आहेत.